कोणत्या नळीत काय भरायचं

अमरावतीला छावणीच्या रस्त्यावर बंदुकांचं एक दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदारानं मला पहिलाच प्रश्न विचारला, "मारना क्या है?" मी बंदूक घ्यायला गेलो होतो, काही मारायला गेलो नव्हतो. त्या वर्षी कापसाला असा भाव आला होता की गावात जो तो काहीतरी घेऊन येत होता. आमच्या शेजाऱ्यानं भिंतीवरचं घड्याळ आणलं. ते कोणाला वाचता येत नव्हतं, पण वाजलं की अर्धी आळी त्याच्या ओसरीकडे माना वळवायची. मला त्याचा भयंकर राग यायचा. त्या घड्याळाला उत्तर म्हणून मी दुनळी बंदूक घ्यायची ठरवली.

दुकानदार समजूतदार होता. पाखरासाठी हलकी बंदूक बरी, डुकरासाठी नळी जाड हवी, एकाच बंदुकीनं दोन्ही कामं करायची तर मधली घ्यावी लागते आणि मग भरताना डोकं चालवावं लागतं, असं त्यानं सांगितलं. बारीक छर्ऱ्यांची एक थैली, जाड छर्ऱ्यांच्या दोन, आणि गोळ्यांचा एक लहानसा बटवा त्यानं समोर ठेवला. वर नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोल चकत्या दिल्या. नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू ओतायची, तिच्यात आणि छर्ऱ्यात चकती घालायची, लोखंडी गजानं ठोकायची, छर्ऱ्यावर दुसरी घालायची. मी मान डोलवत होतो आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरचं चांदीचं फूल बघत होतो. घरी आल्यावर बंदूक खुंटीला टांगली. दसऱ्याला एकदा आभाळात उडवली. शेजाऱ्याचं घड्याळ त्या दिवशी कोणी ऐकलं नाही, एवढा मात्र तिचा उपयोग झाला.

दुसऱ्या वर्षी मी सगळ्या रानात कापूस लावायला निघालो. बायकोनं अडवलं. ती कमी बोलायची, पण बोलली की मागे हटायची नाही.

"नाल्याजवळचा तुकडा ज्वारीले ठेवा," ती म्हणाली.

"ज्वारी बाजारात मिळते."

"सारेच कापूस लावून राह्यले. मंग बाजारात ज्वारी आनन कोन? पोरायले सरकी चारू काय?"

मी चिडलो, पण तुकडा ठेवला. दिवाळीपर्यंत तिचं म्हणणं खरं ठरलं. अकोल्याच्या बाजारात धान्याच्या गोण्या येईनाशा झाल्या. आल्या तर त्यात खडे आणि कीड. मागच्या वर्षीची आमची कणगी तळाला गेली होती. नाल्याजवळचा तुकडा मात्र असा पिकला होता की कणीस दोन्ही हातांत मावायचं नाही. आमच्या आणि शेजारच्या तीन घरांच्या, त्यात घड्याळवालाही आला, अशा लहान लहान पट्ट्या तिथं एकाला एक लागून होत्या. चारही घरांचं वर्षाचं पोट त्या पट्ट्यांत होतं.

आणि आणखी एकाचं होतं. त्या रानाची राखण एक म्हातारा करायचा. तो मूळचा परतवाड्याच्या वरच्या डोंगरातला, तरुणपणी आमच्याकडे उतरलेला, पुढं-मागं कोणी नाही. त्याला मजुरी नव्हती. ज्वारीची मळणी झाली की प्रत्येक घरानं खळ्यावर त्याच्या धोतराच्या ओट्यात सुपं रिकामी करायची, असा आमच्याकडचा रिवाज. त्यावर त्यानं वर्ष काढायचं. कापसाच्या राखणीचं कोणी काही देत नसे, कारण कापूस डुक्कर खात नाही. चारी घरांनी ज्वारी कमी केली तसा त्याचा ओटाही कमी झाला, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

त्याच्याकडे तोड्याची, जळत्या वातीनं उडवायची एक जुनी बंदूक होती, पण तिची नळी फुगली होती आणि ती उडवायला तो स्वतःच भ्यायचा. माझी दुनळी त्यानं हातात घेतली तेव्हा लहान मूल घ्यावं तशी घेतली. मग त्यानं मला शिकवायला सुरुवात केली.

"लावा, तितर अशा पाखराले बाजरीएवढा छर्रा," तो सांगायचा. "ससा, मोर असला तर मुगाएवढा. हरनाले तुरीएवढा, आन तोबी जवळून. डुकराले गोळीच. डुकराले छर्रा मारनं म्हंजे त्याले शिवी देनं हाय, भाऊ. तो पलटून येते."

नमद्याच्या चकत्या त्यानं बोटांनी दाबून पाहिल्या. "हे सरलं का पळसाचं वलं पान घालजा. मीबी तेच घालतो."

मला हसू आलं. बिचाऱ्याकडे पानांशिवाय दुसरं काय असणार, असं मला वाटलं. का, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

कार्तिक संपता संपता डुकरं आली. पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या चार ओळी लोळवल्या. दुसऱ्या दिवशी दहा. डुक्कर खातं थोडं आणि तुडवतं फार. मी बंदूक काढली. आणि मग मला कळलं की दुकानदाराचा प्रश्न केवढा मोठा होता.

या बंदुकीत एकदा जे भरलं ते भरलं. समोर वेगळं जनावर आलं म्हणून आतलं बाहेर काढता येत नाही. म्हणजे दिवस मावळायच्या आधी, काहीही दिसत नसताना, आज कोण येणार हे आपणच ठरवायचं. मी दोन्ही नळ्यांत गोळी भरून बसलो त्या दिवशी हरणं आली, चाळीस-पन्नास, आणि दोन्ही गोळ्या त्यांच्यामधून निघून गेल्या. मग रागानं दोन्हींत तुरीएवढा छर्रा भरला, तर मोठा सुळेवाला डुक्कर वीस पावलांवर येऊन उभा राहिला. मी झाडला. त्यानं अंग झटकलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाणं चालू ठेवलं. दुसरी नळी झाडायची माझी हिंमत झाली नाही. मी बोरीवर चढलो आणि तो पोट भरून जाईपर्यंत काट्यांत बसलो. घरी बायकोनं पाठीतले काटे काढले.

दारू संपत आली. परवान्यावर दारू अमरावतीलाच मिळायची. जाऊन यायला चार दिवस, आणि कापसाची वेचणी ऐन भरात. मी चार दिवस गेलो असतो तर आल्यावर नाल्याजवळ ज्वारीचं धाटही दिसलं नसतं. म्हाताऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "कापून टाका. उभी राह्यली तर राह्यत नाई."

कापायला माणसं कुठं होती? बायाबापड्या सगळ्या कापूस वेचायला जात होत्या, कारण तिथं मजुरी दुप्पट. कोणाला दोष देणार? मी स्वतः माझ्या कापसात त्याच भावानं बाया लावल्या होत्या. शेवटी मी, बायको, म्हातारा आणि शेजारची दोन माणसं अशा पाच जणांनी मिळून चारही पट्ट्या कापल्या. हात सोलून निघाले. पेंढ्या बांधून रानातच ओळीनं आडव्या टाकल्या आणि जमेल तेवढ्या एका जागी रचल्या. खळं तयार व्हायला अजून आठ-दहा दिवस होते. गाड्या कापसाला लागलेल्या होत्या. वाळलेली ज्वारी पसरून पडली होती आणि डुकरांना आता मान वर करायचेही कष्ट नव्हते.

ते आठ दिवस मी माणसात नव्हतो. मुलगी कडेवर यायला लागली की मी तिला खाली ठेवायचो. दर सकाळी पेंढ्या बघायला जायचो आणि फाटलेल्या कणसांपाशी उकिडवा बसून रडायचो, हे आता लिहायला हरकत नाही. शेजाऱ्याचा मला राग होता, कापसाचा राग होता, आणि सर्वांत जास्त राग त्या दस्त्यावरच्या चांदीच्या फुलाचा होता. एकदा तर मी बंदूक विहिरीत टाकायला निघालो होतो. बायकोनं हात धरला. "फेकाल तर फेका," ती म्हणाली, "पन आदी डुक्कर मारा."

दारू तपासली. दोन बार भरतील एवढी उरली होती, दोन नळ्यांचे दोन बार. त्यानंतर ती बंदूक म्हणजे काठी. मी दुपारभर ओसरीवर बसून विचार केला. दोन्हींत गोळी भरली आणि दोन्ही चुकल्या, तर संपलं. दोन्हींत छर्रा भरला तर डुक्कर मरत नाही. शेवटी उजव्या नळीत तुरीएवढा छर्रा आणि डावीत गोळी असं ठरवलं. छर्ऱ्यानं कळप फुटेल, मोठा डुक्कर वळून उभा राहील, की गोळी. इतका नीट विचार मी आयुष्यात कुठल्याच गोष्टीचा केला नव्हता. लग्नाचाही नाही.

भरायला घेतलं तर नमद्याच्या चकत्या संपलेल्या. आत खोलीत कापूस छतापर्यंत भरला होता. मी हात घातला, मूठभर काढला, सरकी निवडून फेकली आणि उरलेला बोळा करून दारूवर ठोकला. छर्ऱ्यावर आणखी एक बोळा. डावीतही तसंच. गज असा घट्ट बसला की मला समाधान वाटलं. पळसाचं झाड दारासमोरच होतं. पण ज्याच्या घरात छताला कापूस टेकलाय त्यानं झाडावर पानं तोडायला चढायचं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी पेंढ्यांच्या रचलेल्या ढिगामागे बसलो. म्हातारा नाल्याच्या पलीकडच्या अंगाला होता, डुकरं तिकडून फुटली तर हाकारा करायला. सूर्य अजून पुरता मावळला नव्हता. वारा समोरच्या आडव्या पेंढ्यांवरून ढिगाकडे वाहत होता. कळप वेळेआधीच आला, सात-आठ लहान आणि मागून तो. मी उजवी नळी झाडली. ठरवलं तसंच झालं. बाकीचे पांगले, तो वळला, छाती समोर आली, आणि मी डावी झाडली. तो गुडघ्यांवर बसला, उठला आणि रक्त सांडत नाल्याकडे गेला.

जखमी डुक्कर सोडून घरी जायचं नसतं. सकाळी त्याच नाल्यावरून बाया वेचणीला जाणार होत्या. मी कुऱ्हाड घेऊन रक्तावर चालत गेलो. बऱ्याच लांब, करंजाच्या जाळीत तो पडला होता. पाय झाडत होता, मग थांबला. मी त्याच्याशेजारी खाली बसलो. ज्वारी वाचली, पोरं जेवतील, असं मी मोठ्यानं त्या मेलेल्या जनावराला सांगितलं.

उठलो तेव्हा वास आला. आमच्या मुलखात कापूस जळाल्याचा वास कोणाला ओळखून दाखवावा लागत नाही. घट्ट दाबलेला कापूस पेट घेत नाही लवकर, तो आतल्या आत धुमसत राहतो आणि वारा लागला की फुलतो. मी पळत सुटलो. काय झालं ते पळतानाच मला पुरतं कळलं होतं. नळीतून धुमसत निघालेले कापसाचे बोळे समोरच्या वाळलेल्या पात्यांत जाऊन पडले होते, आणि मी अर्धा तास त्यांना वाऱ्यावर सोडून डुकराच्या मागे गेलो होतो.

मी पोचलो तेव्हा ढीग पेटला होता. म्हातारा माझ्या आधी पोचला होता. आपली एकुलती घोंगडी तो जाळावर आपटत होता, आणि ती जळाली तेव्हा हातांनी पेंढ्या ओढू लागला. गाव धावून आलं. विहीर लांब, वारा जोराचा. चारी घरांच्या पट्ट्या एकाला एक लागून होत्या. आम्ही कडेच्या थोड्या पेंढ्या ओढून काढल्या, बाकीच्या जळताना उभ्या उभ्या पाहिलं. बायको पोरीला घेऊन बांधावर उभी होती. ती रडत नव्हती. ती फक्त जळणाऱ्या ढिगाकडे बघून मोजल्यासारखे ओठ हलवत होती.

जाळ खाली बसल्यावर कोणीतरी विचारलं, आग लागली कशी? घड्याळवाला शेजारी म्हणाला, "कशी म्हंजे? हा बुढा दिवसभर चिलीम वढते. अजून कशानं लागन?"

म्हाताऱ्याच्या कमरेला चिलीम होती. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या पायाशी काळे पडलेले कापसाचे पुंजके होते. त्यानं पायानं तुडवून विझवलेले. त्यानं ते पाहिले होते, आणि मी ते पाहिलेत हेही त्यानं पाहिलं होतं.

मी बोललो नाही. तीन घरांना मी काय जबाब देणार होतो? परवाना जाईल, कचेरीत उभं करतील, शेजारी जन्मभर घड्याळाच्या ठोक्याला माझं नाव घेईल. उद्या सांगू, असं मी मनाला म्हणालो. उद्या पुन्हा उद्या म्हणालो. चौथ्या दिवशी खळ्यावर उरलेली पाच-सहा पोती ज्वारी झाडली, चार घरांनी वाटून घेतली, आणि म्हाताऱ्याला ओटा पसरू द्यायचा नाही असं शेजाऱ्यानं सर्वांच्या वतीनं सांगितलं. म्हातारा खळ्याच्या कडेला उभा होता. दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या. तो तसाच निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या झोपडीचं दार उघडं सापडलं, आत कोणी नव्हतं.

माझं घर उपाशी राहिलं नाही. हे सांगायला मला सगळ्यात जड जातं. डुकराचं मांस वाटलं, आम्हीही खाल्लं. पुढं कापूस विकला आणि अकोल्याहून किडकी का होईना, ज्वारी आणली. पोरं थोडी वाळली, पण उन्हाळ्यापर्यंत निभावलं. ज्यांच्याकडे कापूस होता त्यांचं सगळ्यांचं निभावलं.

एक दिवस त्या किडक्या ज्वारीची भाकरी ताटात आली आणि मी ताट बाजूला सारलं. मी बायकोला सांगितलं. चिलमीनं नाही, माझ्या बंदुकीतल्या कापसानं जळालं. ती तव्यासमोर बसून होती. भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

"त्या बुढ्याले सांगतलं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग मले काहून सांगून राह्यले?"

त्यानंतर मी शेजाऱ्याच्या ओसरीवर गेलो, बाकीच्या दोन घरांनाही बोलावलं आणि सर्वांसमोर सांगितलं. शेजारी पुष्कळ बोलला. मी ऐकून घेतलं. मग गाडी जुंपली, एक पोतं ज्वारी घातली आणि परतवाड्याला गेलो. तिथं म्हाताऱ्याला कोणी ओळखतही नव्हतं. वर डोंगरात धारणीच्या वाटेनं दोन दिवस विचारत फिरलो. एक बाई म्हणाली, असा माणूस तरुणपणी इथून गेला होता, परत आला नाही. मी पाणीसुद्धा न पिता उलटा फिरलो. जिवंत सापडू दे, एवढंच मागत होतो, आणि कोणाकडे मागत होतो तेही मला ठाऊक नव्हतं.

सापडला तो अकोल्याच्या अलीकडे, आगगाडीच्या मार्गासाठी मातीचा भराव घालत होते तिथं. शंभर माणसं टोपल्या वाहत होती. त्याला मी चालण्यावरून ओळखलं, चेहऱ्यावरून ओळखू आला नसता. हाडं तेवढी उरली होती. भाजलेल्या बोटांनी टोपलीचा काठ धरता येत नव्हता, म्हणून तो ती मनगटांवर पेलत होता.

मी आडवा गेलो. "बाबा, मी सगळ्यायले सांगतलं. चूक माही होती."

त्यानं टोपली खाली ठेवली. "मले मालूम होतं."

"मंग तुमी तवा बोलले काहून नाई?"

तो रागावला नव्हता. रागवायला अंगात काही लागतं.

"तुमी बोलान, म्हनून थांबलो होतो भाऊ," तो म्हणाला. "खळं होईपर्यंत थांबलो."

मी गाडीतलं पोतं दाखवलं, घरी चला म्हणालो, पाय धरले. पोतं इथं कुठं ठेवू, असं त्यानं विचारलं. मुकादमानं वरून हाक मारली. म्हाताऱ्यानं टोपली मनगटांवर घेतली आणि भरावावर चढू लागला.